अडीच दुधं लांब

डेअरीच्या रांगेत बातमी आली ती अशी: जेकोरबा अमेरिकेत वारली. झाला महिना. पोरगा नटू बातमी दाबून बसलाय, कारण आधी त्याला इथलं घर विकायचंय. आणि शेजारच्या विनुला सगळं ठाऊक आहे, म्हणून तर तो त्या घराला केरसुणी लावू देत नाही. सांगणारी डाहीबेन. सांगता सांगता तिने पदराने डोळे टिपले आणि पदर खाली यायच्या आत माप घेणाऱ्याला विचारलं, "माझ्या दुधाला आज फॅट किती लागलं रे?"

तो विनु म्हणजे मी. आणि ज्या सकाळी जेकोरबा अशी वारली, त्याच सकाळी ती मला फोनवर आपल्या चांदरी म्हशीच्या शेणाबद्दल विचारत होती. पातळ आहे का, घट्ट आहे का, रंग कसा आहे. मेलेलं माणूस एवढ्या खोलात जात नाही. मी डाहीबेनला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "मग घर का झाडत नाहीस?"

 घर झाडलं नव्हतं हे खरंच होतं. पाच महिने होत आले होते.

आमच्या गुजरातेतल्या चरोतरात पिकं तीनच. तंबाखू, दूध आणि परदेश. आमच्या धोळीपुरा गावात असं घर नाही ज्यातलं कोणी विमानात बसलं नाही, आणि असंही घर नाही ज्यात, माणूस निघाल्यावर ते पोचेपर्यंत कोणी केर काढला. केरसुणी फिरली की गेलेल्याची पावलं पुसली जातात, पावलं पुसली की परतीची वाट गेली. हे कोणी कोणाला शिकवत नाही. घरातून बॅग बाहेर पडली की बायका आपोआप केरसुणी उचलून दाराआड आडवी ठेवतात. जेकोरबाची सासू दिवाळीबा, तिच्या काळात माणसं बोटीने मोंबासाला जायची. दीर गेला तेव्हा तिने सतरा दिवस घर झाडलं नाही. कंपालाहून तार आली तेव्हा घरात एवढा कचरा होता की त्यात कोंबडीने अंडी घातली होती, असं जेकोरबा सांगायची. कोंबडी आमच्या पटेलांच्या घरात कुठून आली, असं मी एकदा विचारलं. "तीही कोणाची तरी वाट बघत असेल," म्हणाली.

बोटी गेल्या, विमानं आली, आणि गावापुढे एकच प्रश्न उरला. माणूस पोचलं कधी म्हणायचं? फोन एकच, डेअरीत. तिकडून कोणी केला तर चार दिवसांनी. तेवढे दिवस घर झाडायचं नाही म्हणजे आमच्या बायकांना मरण. तेव्हा विमान किती लांब जाणार, किती वेळ घेणार, हे सांगणारं कोणीतरी गावात हवंच होतं. ते काम तीस-पस्तीस वर्षं जेकोरबाने केलं. स्वतः विमानात एकदाही न बसता. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, आकडे यायचे ते दुधाच्या चिठ्ठीवरचे.

उंच, वाळलेली, नाकात कायम तपकीर. ओट्यावर हिंदोळा, हिंदोळ्यामागे भिंतीत कोनाडा, आणि कोनाड्यात शाळेचा जुना पृथ्वीगोल. आफ्रिकेच्या बाजूला पोचा पडलेला. त्या गोलावर जिथे जिथे गावातलं माणूस गेलं तिथे तिथे जेकोरबाने टिकली चिकटवली होती. लंडनला मोठी लाल, कारण तिकडे चाळीस घरं. नैरोबीला हिरवी. दुबईला काळी बारीक, कारण तिथे आमचे लोक राहायला कमी, विमान बदलायलाच जास्त.

कोणाचं निघायचं ठरलं की आदल्या दिवशी त्या घरातली बाई ओट्यावर हजर.

"जेकोरबा, आमचा भावेश चालला उद्या. टोरांटो."

"बसतो कुठून?"

"अमदावादहून."

"मधे उतरतो कुठे?"

"दुबईला. चार तास."

जेकोरबा आधी तपकीर ओढायची. मग गोल मांडीवर घ्यायची, कमरेच्या चंचीतून निळा दोरा काढायची, त्याचं टोक अमदावादवर अंगठ्याने दाबायची आणि दोरा ताणून एका टिकलीवरून दुसऱ्या टिकलीवर न्यायची. मग दोऱ्यावर बोटं ठेवत जायची. एक बोट, एक तास. हा हिशेब फक्त तिच्याच बोटाने बसायचा. माझ्या कोकिलाने एकदा आपलं बोट पुढे केलं, तर म्हणाली, "राहू दे गं. तुझ्या बोटाने मोजलं तर लंडन पाच तासांत येईल."

बारा बोटं झाली की एक दूध. आमच्याकडे दूध सकाळी सहाला डेअरीत जातं आणि संध्याकाळी सहाला जातं. दुसरं घड्याळ गावात कोणी मनापासून मानत नाही. तेव्हा नैरोबी अर्धं दूध. लंडन एका दुधाला थोडं कमी. टोरांटो, दुबईतली बैठक धरून, पावणेदोन. आणि त्यावर थोडं रांगेचं. "गोऱ्याने शिक्का मारून बॅग हातात दिली की पोचला. त्याआधी नाही. नुसतं उतरणं म्हणजे पोचणं नाही गं. पाव दूध जास्त धर."

आमची हेतल ऑकलंडला गेली तेव्हा दोन दुधं आणि वर थोडं, असा निकाल लागला. माझी कोकिला म्हणजे धुतलेली फरशी पुन्हा पुसणारी. दुपारपर्यंत कशीबशी थांबली, मग नव्याने आणलेलं कचरा ओढायचं मशीन काढून म्हणाली, "ही काही केरसुणी नाही. हिला काड्या कुठे आहेत?" मी म्हटलं, विचारून घे. ओट्यावर गेली. जेकोरबाने मशीन उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं.

"कचरा जातो ना ह्याने?"

"जातो."

"मग केरसुणीच. शेपूट लांब आहे एवढंच. ने परत."

लोक हसायचे ते दोऱ्याला. कारण अमेरिकेला दोरा ताणला की तो सरळ डावीकडे जायचाच नाही. वर चढायचा, रशियावरून, बर्फावरून, आणि मग पलीकडे उतरायचा. आमचा पुंजाभाई, ज्याने शाळेतला भिंतीवरचा नकाशा पाहिला होता, तो म्हणायचा, "काकी, अमेरिका समोर आहे, आणि तुम्ही पोराला बर्फात कशाला धाडता?" जेकोरबा म्हणायची, "मी कुठे धाडते? दोऱ्याला विचार. ढिला सोड, म्हणजे तुझ्या वाटेने जाईल. पण तो लांब पडेल."

हे सगळं तिला कोणी शिकवलं आणि का, हे मला सांगायला नको वाटतं. पण बाकीच्या गावाची उणीदुणी काढायची आणि आपली झाकायची, हेही बरं नाही.

चौऱ्याऐंशी साल. मी विद्यानगरला सायन्सच्या पहिल्या वर्षाला. गावात इंग्रजी तिकीट वाचू शकणारे आम्ही तिघं-चौघं, त्यात सर्वांत जास्त मिजास माझी. जेकोरबाचा एकुलता एक नटू अमेरिकेला निघाला. त्याला सोडायला अकरा माणसं गाडीने मुंबईला गेली. नवरा शनाभाई गेला, दीर गेले, शेजारचे गेले. ती गेली नाही. केरसुणी आडवी ठेवायलासुद्धा घरात माणूस लागतं. रिकाम्या, कुलूप लावलेल्या घरात केर निघाला नाही तर त्यात कोणी राखलं काय? म्हणून आई घरी आणि सगळं गाव विमानतळावर, असा तो निरोप झाला.

तिकिटावरचे आकडे मी आधीच उतरवून घेतले होते. मुंबई सकाळी आठ. न्यूयॉर्क दुपारी साडेचार.

"साडेआठ तास, काकी," मी म्हटलं. तेव्हा ती मला काकी होती; सगळ्या गावाची बा, म्हणजे आई, नंतर झाली.

"एवढ्यात अमेरिका?"

"विमान आहे काकी, एसटी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या ओट्यावर गूळ-तुपाची सुखडी खात बसलो होतो. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले. मी हात झटकले. "पोचला. काढा केर." तिने दाराआडची केरसुणी घेतली आणि आतल्या खोलीपासून अंगणापर्यंत दोन दिवसांचा कचरा काढला. मला आठवतं, ती गुणगुणत होती.

चौथ्या दिवशी सकाळच्या दुधाला डेअरीत नटूचा फोन आला. ती कळशी खाली ठेवून धावली. ओरडून बोलली, ओरडून रडली, परत रांगेत आली. रांगेत तिच्या मागे रावजी मास्तर होते, त्यांच्यामागे मी. शाळेत भूगोल शिकवायचे.

"काय म्हणाला नटवर?"

"पोचला. साडेचारला उतरला. चांगलं ऊन होतं म्हणाला."

"म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती."

"ते कसं?"

मास्तरांनी तिची कळशी सूर्य केली आणि आपला लोटा पृथ्वी. लोटा फिरवून दाखवला. आपला दिवस आधी, त्यांचा नंतर. तिकिटावर निघायची वेळ आपली लिहितात, पोचायची त्यांची. साडेआठ तास नव्हेत, अठरा. आपल्या सकाळच्या दुधाला तिकडे आदल्या दिवसाचं संध्याकाळचं दूध निघतं. "हां," ती लगेच म्हणाली. दुधाचं म्हटल्यावर तिला कळायला वेळ लागला नाही.  मग विचारलं, "मास्तर, तर मग आपल्या साडेचारला तो कुठे होता?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"लंडनच्याही अलीकडे. आकाशात."

तिने दूध घातलं, चिठ्ठी घेतली, कळशी काखेत धरली. जाताना माझ्यासमोर थांबली. मला वाटलं, आता देते एक ठेवून. दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मीच विचारायला हवं होतं, घड्याळ कोणाचं."

त्यानंतर महिनाभर संध्याकाळचं दूध घातलं की ती मास्तरांकडे जाऊन बसायची. फी म्हणून ताकाची लोटी. मास्तर निवृत्त झाले तेव्हा शाळेने मोडीत काढलेला गोल त्यांनी तिला आणून दिला.

आणि नटू एकोणीस वर्षं आला नाही.

कागदांची भानगड होती. तिकडे राहायचे कागद नाहीत, आणि एकदा बाहेर पडला तर परत आत घेणार नाहीत. गावात अशी दहा घरं होती. सगळ्यांना कारण ठाऊक होतं. शनाभाई वारला तेव्हाही तो येऊ शकला नाही. अग्नी पुतण्याने दिला. कोणी विचारलं, नटू का येत नाही, तर जेकोरबा म्हणायची, "कागद." मीही म्हणायचो, कागद. पण मी समोर असलो की ती तो शब्द जरा घाईने म्हणायची, असं मला वाटे. माझ्यासाठीच घाई करायची बहुतेक.

दोन हजार तीनमध्ये कागद झाले आणि नटू आला. पोट सुटलेला, टक्कल पडलेला, अटलांटाजवळ कुठेतरी मोटेलवाला झालेला. ओट्यावर अर्धं गाव. नटू सांगत होता, "बा, खिडकीतून बघतो तर खाली नुसता बर्फ. चार तास बर्फच." जेकोरबाने तपकीर ओढली, हिंदोळा थांबवला आणि पुंजाभाईकडे पाहिलं. पुंजाभाईला एकदम म्हशीला पाणी पाजायचं आठवलं.

ते दिवस गेले ते कधी गेले कळलंच नाही. प्रत्येकाच्या खिशात फोन आला. भावेशची बायको एकदा फोन घेऊन ओट्यावर आली, मोठ्या प्रेमाने. "बा, हे बघा. हे विमान, भावेश ह्यात आहे. आत्ता इथे. किती किलोमीटर राहिले, किती मिनिटं राहिली, सगळं लिहून येतं." पडद्यावर पिवळं, माशीएवढं विमान होतं.

जेकोरबाने फोन लांब धरून पाहिला. "केर कधी काढायचा ते सांगतं का?"

"उतरलं की घंटी वाजते ना."

"मग छान झालं," ती म्हणाली. गोल मांडीवरच होता, तो तिने कोनाड्यात ठेवला.

मग ओट्यावर कोणी यायचं कारणच उरलं नाही. त्यातून अर्धी घरं कुलपात. ज्यांना सोडायला अकरा माणसं जायची ते आता टॅक्सीत एकटे बसतात, आणि मागे केरसुणी आडवी ठेवायला कोणी नसतं. एकदा मी हिंदोळ्याखालून माझी चप्पल काढत होतो, तर खाली लाल टिकली सापडली. गोंद वाळून लंडन पडलं होतं. मी तिला दिली. तिने थुंकी लावून परत चिकटवली, मग ती परत पडली, मग तिने भाताचं शीत लावलं. मी म्हटलं, "बा, आता कोण विचारतं लंडन?" म्हणाली, "लंडन कुठे गेलं नाही ना? मग राहू दे आपल्या जागेवर."

गेल्या वर्षी नटूने तिच्यासाठी व्हिसाचा शिक्का मिळवला. सहा महिन्यांचा. तिला शहात्तर पूर्ण. निघायच्या आठवडाभर आधी त्याचा मला फोन आला.

"विनुभाई, बाला आता एकटी नाही ठेवायची. एकदा इथे आली की इथेच. घराला गिऱ्हाईक बघून ठेवा. पण तिला आत्ता बोलू नका हां, चालायचीच नाही."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पोरगा आईला जवळ ठेवतो म्हणतोय, शेजाऱ्याने नको म्हणायचं?

आणि इकडे जेकोरबा वाटेसाठी बाजरीची ढेबरं आणि कैरीचा छुंदा बांधता बांधता मला सांगत होती, "सहा महिन्यांचा शिक्का. सहा महिन्यांनी मी माझ्या हिंदोळ्यावर. मरायचं ते इथे. चांदरीला तू बघ. तिला पेंड कोमट पाण्यात लागते, आणि तुझा आवाज आवडत नाही, तेव्हा गप्प राहून घाल."

निघायच्या सकाळी तिने दूध स्वतः घातलं. नटूने पाठवलेले पांढरे बूट चढवले आणि चांदरीचा निरोप घ्यायला गोठ्यात गेली. तिथून तशीच घरातून पुढे आली. मागच्या दारापासून उंबऱ्यापर्यंत घोटलेल्या फरशीवर शेणामातीची सात पावलं उठली. कोकिला कळवळली, पण काय करणार? माणूस निघालेलं. कोकिलाने तिच्या हातावर दही-साखर ठेवली. गोल कोनाड्यातच राहिला. "दोरा नेते," ती म्हणाली. "गोळा तिकडेही असेल." मग किल्ली माझ्या हातात दिली.

"नीट ऐक. घर रिकामं आहे, तेव्हा केरसुणी राखायची ती तू. अडीच दुधं. आजचं संध्याकाळचं एक, उद्या सकाळचं दुसरं, आणि उद्या दुपारी तुझं जेवण झालं की अर्धं. मग केर काढ. तोवर नाही."

"हो बा."

गाडीत बसली, काच खाली केली. "आणि मेल्या, ह्या वेळी घड्याळ आपलं."

पस्तीस वर्षं. एवढ्या वर्षांत तिने तो विषय काढला तो त्या एका वाक्यात, तेही हसून. गाडी वळली तरी मी तिथेच उभा.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं. भावेशच्या बायकोने फोन बघून सांगितलं, उतरलं. थोड्या वेळाने नटूचाही फोन आला, बा घरी आली, बूट काढत नाही म्हणते. म्हणजे शिक्का झाला, बॅग मिळाली, पाव दूध जास्तीचंही झालं. कुठूनही मोजा, पोचली होती. मी केरसुणी घेऊन तिच्या घरात गेलो. समोर ती सात पावलं. वाळली होती. सगळी बाहेरच्या दिशेने.

मी ह्या असल्या गोष्टी मानत नाही. कोकिलाला विचारा, मी किती टर उडवतो. तरी त्या दिवशी म्हटलं, उद्या काढू. नटूच्या मनात काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं, मला होतं. उद्या म्हणता म्हणता आठवडा झाला. मग सांगितलं, केरसुणी तुटली. मग म्हटलं, पाठ धरलीय. कोकिला म्हणाली, "पाठ तुमची, हात माझे आहेत ना? द्या किल्ली." मी किल्ली जानव्याला बांधली.

"लोक म्हणतील कोकिलाने म्हातारीच्या घराचा उकिरडा केला!"

"म्हणू दे."

"तुम्ही म्हणता ना, हे सगळं खूळ आहे?"

"आहेच खूळ."

"मग?"

"मग काही नाही. किल्ली मिळणार नाही."

गिऱ्हाईकही आलं एकदा, बोरसदहून, काळा चष्मा लावून. मी इमानाने दार उघडलं. त्याने चष्मा काढला, धूळ पाहिली, कोळ्याचं जाळं पाहिलं आणि सात वेळा शिंकला. "विनुभाई, घर आहे की गोडाऊन?" मी म्हटलं, "हवा फार चांगली आहे. इथली धूळसुद्धा सोडून जात नाही." तो जो गेला तो आजतागायत परत आलेला नाही. नटूला मी कळवलं, लोकांना पसंत पडत नाही. खोटं नव्हतं.

पाचव्या महिन्यात नटूचा फोन आला. खुशीत होता. "विनुभाई, बा रमली हो! मोटेलच्या दारात खुर्ची टाकून बसते. ट्रकवाल्यांना दोऱ्याने मोजून दाखवते, कुठे किती वेळात पोचाल. तेही ऐकतात! मी शिक्का वाढवून घेतोय. नाही म्हणाली नाही अजून. तुम्ही जरा घर साफ करून गिऱ्हाईक बघा ना." 

मी फोन ठेवला तो ठेवलाच. त्याच आठवड्यात डाहीबेनने रांगेत तिला मारून टाकलं. मी वरकरणी हसलो, पण कळशी हातातून निसटली आणि चांदरीचं अर्धं दूध मातीत गेलं.

मग एका संध्याकाळी, दूध घालून लोक परतत होते, पिवळी दिवेलागण झाली होती, आणि आमच्या आळीत टॅक्सी शिरली. आधी एक पांढरा बूट बाहेर आला. मग दुसरा. मग जेकोरबा. डाहीबेन मधोमध उभी होती. जेकोरबाने तिला पाहिलं. "काय गं, भूत बघितल्यासारखी काय बघतेस?" डाहीबेनने पदराने डोळे टिपले, आणि ह्या वेळी फॅट विचारायचं राहिलं.

"बा, सांगितलं का नाही येतेय म्हणून?" मी बॅग घेत म्हटलं. 

"सांगितलं असतं तर सगळं गाव फोनमधे माशी बघत बसलं असतं. नटू म्हणाला, बा, तिकडे आता काय राहिलंय? मी म्हटलं, चांदरी आहे. म्हणाला, घर विकू. मी म्हटलं, विक ना, मी मेल्यावर. तोवर त्यात मी राहते. चार दिवस बोलला नाही, मग तिकीट काढलंन्. दे किल्ली."

किल्ली जानव्यातून सुटेना. कोकिलाने दातांनी गाठ सोडली. दार उघडलं. साडेपाच महिन्यांची धूळ फरशीवर मऊ पसरली होती, आणि मागच्या दारापासून तिच्या पायापर्यंत आलेली ती सात पावलं, धुळीखालीही सरळ दिसत होती. जेकोरबा उंबऱ्यावर थांबली. मग आत गेली. एकेका जुन्या पावलाशेजारी एकेक नवं पाऊल उमटलं, आतल्या दिशेने. सातव्याशी जाऊन वळली.

"बा, माझा काही दोष नाही हं," कोकिलाने लगेच हात वर केले. "ह्यांनी हात लावू दिला नाही. मी म्हटलं, पोचल्या त्या, आता तरी झाडू दे. ऐकतील तर शपथ. किल्ली अंगावर घेऊन झोपायचे!"

जेकोरबाने पावलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"वेळच मिळाला नाही, बा," मी म्हटलं.

तिने तपकीर ओढली, बोटं पदराला पुसली आणि म्हणाली, "मेल्या, अटलांटा अडीच दुधं लांब. ती मी जाऊन आले. आणि तुझ्या ओट्यावरून माझ्या ओट्यावर केरसुणी यायला सहा महिने लागतात होय?"